पावसाळा आला की डिस्प्ले गायब, आणि शेवटी मदरबोर्डच घ्यायची वेळ आली तर जुनी रॅम चालणार का?

प्रॉब्लेम असा आहे बघा. मिरग लागला, चार-पाच दिवस लागोपाठ पाऊस झाला की सकाळी दुकान उघडून पीसी चालू करायचा, पंखा फिरतो, कॅबिनेटची निळी लाइट लागते, कीबोर्डचे दिवे एकदा लुकलुकतात आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'. कधी बीप वाजतो, कधी तेवढंही नाही. मे महिन्यात हाच डबा दिवसभर कुरकुर न करता चालत होता. माझं दुकान मालवणात, बंदरापासून चालत पाच मिनिटांवर, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लग्नपत्रिका असलं सगळं करतो, आणि हा प्रकार २०१७ पासून दर वर्षी, एक पावसाळा सुका गेला नाही. शेजारच्या काकींना तर पाठच झालंय, पहिली मोठी सर आली की दारातूनच विचारतात, "काय रे, पडलो काय तुझो डबो बंद?"

गेल्या वर्षी तो खरंच कायमचा पडला. आणि मग नवीन बोर्ड घेताना जो काय घोळ झाला त्यात एक चूक माझी होती आणि एक माझ्या आतेभावाची, पण दोन्ही चुकांचं मूळ एकच. ते पुढे येईलच.

आधी ज्यांचा बोर्ड अजून जिवंत आहे त्यांच्यासाठी. पावसाळ्यात डिस्प्ले गेला म्हणजे बोर्ड गेला असं लगेच धरू नका, बहुतेक वेळा रॅमचे कॉन्टॅक्ट असतात. समुद्राच्या हवेत मीठ असतं, ते धुळीबरोबर कॅबिनेटच्या आत जाऊन बसतं, उन्हाळ्यात कोरडं असतं म्हणून त्रास देत नाही पण जून लागला की तेच मीठ ओल धरून ठेवतं. रॅमच्या खालच्या सोनेरी पट्ट्यांवर सोनं असतं खरं, पण मुलामा फार पातळ, स्वस्तातल्या स्टिकवर तर नावालाच, त्याच्या खाली तांबं, आणि तांब्याला ओल आणि मीठ एकत्र मिळालं की काय होतं ते देवघरातल्या ताम्हनाला विचारा.

मी काय करतो ते सांगतो. प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. मग रॅम काढायची, शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्यायचा (शाई खोडायचा खरखरीत निळा नाही, तो मुलामाच खरवडून काढतो) आणि पट्ट्यांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचा, दोन्ही बाजूंनी. खोडरबराचे कण बोर्डापासून लांब झटकायचे, नाहीतर तेच स्लॉटमध्ये जाऊन बसतात आणि तुम्ही परत पहिल्यापासून सुरू. त्यावर ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावून एक हात. स्लॉटमध्ये कोरडा नवा ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, मग अर्धा तास तसंच राहू द्यायचं. तोंडाने फुंकर मारू नका, आपल्या फुंकरीत पण ओलच असते. आणि पॉलिश पेपर, रॉकेल, पेट्रोल हे प्रकार कृपा करून नको, एकाने माझ्यासमोर रॉकेलच्या बोळ्याने रॅम पुसलीय आणि वर मला सांगतोय की सायकलची चेन अशीच साफ होते.

परत लावताना एकच स्टिक लावा. दोन्ही कडांचा 'टक' आवाज आला पाहिजे. एका स्लॉटमध्ये नाही आली तर दुसऱ्यात, मग दुसरी स्टिक तशीच. म्हणजे दोन स्टिक दोन स्लॉट असतील तर चार वेळा करून बघायचं, कंटाळा येतो पण यातूनच कळतं की स्टिक गेलीय का स्लॉट. बीप ऐकायला बोर्डाला लावायचा छोटा बझर मिळतो, किरकोळ पैशाचा, तो लावलेला असला तर निम्मं काम सोपं होतं, लांब लांब बीप सारखे वाजत राहिले तर बहुतेक रॅमच. बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, तो पण बघा, ३ व्होल्टचा असतो, पीसीची तारीख दर वेळी जुनी दाखवत असेल तर तो संपलाय. आणि हो, मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लागते, बोर्डाला नाही. हसू नका, झाडूपोचा करताना केबल निघते आणि घरचे चुकीच्या भोकात लावतात, हे मी दोन घरांत पाहिलंय.

एकदा सगळं करून झालं तरी येईना, म्हणून एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीतून बॅटरी मारली तर आत पाल. मेलेली. त्या दिवसापासून कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचा मी उघड्या ठेवत नाही.

२०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा मे महिन्यातच हा सगळा खेळ झाला. कितीतरी दिवस लाइट नाही, दुकान बंद, हवेत नुसता खारा दमटपणा, लाइट आल्यावर पीसी चालू केला तर मेल्यासारखा. तेव्हा खोडरबराने वाचला. मशीन रोज चालू असेल तर आतल्या उष्णतेने ओल उडून जाते, बंद पडून राहिलेलं मशीन जास्त लवकर खराब होतं. म्हणून पावसाळ्यात काम असो नसो, रोज तासभर तरी चालू ठेवा, जमिनीवर ठेवू नका, चिऱ्याच्या भिंतीला टेकवून तर अजिबात नको, ती भिंत जुलैत घाम आल्यासारखी ओली असते. आणि वरून प्लास्टिकचं कव्हर घालायची जी सवय आहे ती सोडा, ओल आतच कोंडते.

असो. २०२५ च्या जूनमध्ये यातलं काहीच चाललं नाही.

माझ्या दोन्ही स्टिक बाजूच्या फोटो स्टुडिओतल्या मशीनला लावून बघितल्या, चालल्या. त्यांचा एसएमपीएस माझ्या बोर्डाला लावला, पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही. प्रोसेसर काढून साफ करून लावला, काही नाही. मग बोर्ड उजेडात तिरका धरून भिंगातून बघितला तर रॅम स्लॉटच्या टोकाला, जिथे पिना बोर्डात उतरतात तिथे, हिरवट पावडर आणि मधेच एक काळा ठिपका, सुईच्या टोकाएवढा. कुडाळला रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने पाच मिनिटं बघितला आणि म्हणाला, "ह्येच्यात आता पैसे घालू नको." विषय संपला.

आता खरी गंमत. माझं मशीन २०१६ चं, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय३-६१०० प्रोसेसर, एच११० बोर्ड (एच११० हे बोर्डावरच्या मुख्य चिपचं, म्हणजे चिपसेटचं नाव), ४ अधिक ४ जीबी रॅम. २०१९ ला मला वाटलं होतं की रॅम वाढवू या, म्हणून इंटरनेटवर प्रोसेसरची माहिती काढली, तिथे स्पष्ट लिहिलेलं की हा प्रोसेसर डीडीआर४ पण घेतो आणि डीडीआर३एल पण (या रॅमच्या जाती, आकडा मोठा तेवढी जात नवीन). म्हटलं वा, दोन्ही चालतंय तर नवीनच घेऊ, आणि ८ जीबीची डीडीआर४ स्टिक मागवली. पार्सल आलं, कॅबिनेट उघडलं, स्टिक स्लॉटवर ठेवली तर बसेचना. खाच जुळत नाही. उलटी करून बघितली, तरी नाही. थोडा जोर लावायला गेलो आणि नशीब की तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

इथेच सगळ्यांची गफलत होते. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे दोन पिढ्यांची रॅम चालवायची ताकद प्रोसेसरमध्ये असू शकते, सहाव्या पिढीत होतीच. पण स्लॉट बोर्डावर असतो, आणि बोर्ड बनवणारा एकाच जातीचा स्लॉट बसवतो. माझ्या एच११० ला डीडीआर३ चे स्लॉट होते. त्याच नावाचा, त्याच चिपसेटचा, डीडीआर४ वाला बोर्ड पण तेव्हा बाजारात होता. प्रोसेसर दोन्ही भाषा बोलतो, पण बोर्डाला एकच तोंड. मी प्रोसेसरचं पान वाचलं, बोर्डाचं वाचलं नाही. परत करायची मुदत पण निघून गेली आणि ती स्टिक सहा वर्षं ड्रॉवरमध्ये, पत्रिकेच्या नमुन्यांखाली पडून राहिली.

बोर्ड मेल्यावर मी ती बाहेर काढली आणि जुन्या स्टिकच्या बाजूला काउंटरवर ठेवली. दोन्ही एकत्र बघितल्या की फरक चटकन कळतो. डीडीआर३ ला २४० पिना आणि खालची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. डीडीआर४ ला २८८ पिना, आणि खालची कड मधल्या भागात किंचित खाली उतरलेली, होडीच्या बुडासारखी, म्हणजे दाबताना सगळा जोर एकदम लागत नाही. डीडीआर५ ला पण २८८ च पिना असतात आणि इथे लोक फसतात, आकडा सारखा म्हणजे बसेल असं वाटतं, पण खाच थोडी सरकवलेली आहे, शिवाय डीडीआर५ च्या स्टिकवर मधोमध व्होल्टेज सांभाळणारी चिप असते, हे काम आधी बोर्ड करायचा. व्होल्टेज बघा, डीडीआर३ १.५, डीडीआर३एल १.३५, डीडीआर४ १.२, डीडीआर५ १.१. कशाचाही कशाशी मेळ नाही, कुठलाही कन्व्हर्टर नाही, जोर लावून बसवली तर स्लॉट पण जाईल आणि स्टिक पण.

स्टिकर वाचायचा असेल तर 'पीसी३' म्हणजे डीडीआर३, 'पीसी३एल' म्हणजे कमी व्होल्टवाली, 'पीसी४' म्हणजे डीडीआर४, 'पीसी५' म्हणजे डीडीआर५. पुढचा आकडा कधी स्पीड असतो कधी बँडविड्थ, पीसी३-१२८०० म्हणजे १६०० स्पीडची रॅम, पीसी४-१९२०० म्हणजे २४०० ची, मोठा आकडा बघून खूश होऊ नका. मशीन चालू असेल तर सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाकून मेमरीच्या टॅबमध्ये बघा, तिथे जात कळते, फक्त फ्रिक्वेन्सी निम्मी दाखवतो, २६६६ ची स्टिक १३३३ दिसते, घाबरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आणि लॅपटॉपची रॅम बुटकी असते, ती डेस्कटॉपला लागत नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

तर माझ्याकडे होतं काय, डीडीआर३ च्या दोन चार-चारच्या स्टिक आणि डीडीआर४ ची एक न वापरलेली आठची. साहजिकच डोक्यात पहिलं आलं की दोन्ही चालतील असा बोर्ड मिळतो का.

मिळतो. असे बोर्ड असतात, त्यांना कॉम्बो म्हणतात, आणि हे नवीन नाही. जुन्या ७७५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जमान्यात जी४१ चिपसेटवर डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हीचे स्लॉट असलेले बोर्ड होते, नंतर सहाव्या-सातव्या पिढीसाठी अ‍ॅसरॉकचा एच११०एम कॉम्बो-जी आला, त्यात डीडीआर३ आणि डीडीआर४ दोन्हीचे स्लॉट. आता १७०० सॉकेटच्या एच६१० वर पण डीडीआर४ आणि डीडीआर५ असे कॉम्बो बोर्ड निघालेत. पण यात एक अट कायम असते ती नीट ऐका, दोन्ही जातीची रॅम एकाच वेळी चालत नाही. एकतर ही लावा नाहीतर ती. माझ्या डोक्यात होतं की ४ अधिक ४ अधिक ८ म्हणजे १६ जीबी होतील, तसं नाही होत. एका वेळी एकाच जातीची, दुसऱ्या जातीचे स्लॉट रिकामे ठेवायचे, नाहीतर मशीन चालूच होणार नाही.

मग कॉम्बोचा उपयोग कुणाला? ज्याच्याकडे आज जुन्या जातीची भरपूर रॅम आहे आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात नवीन जातीची घ्यायचीच हे नक्की आहे, त्याला. बाकीच्यांनी त्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नावाजलेले कॉम्बो बोर्ड दुकानात सहज मिळत नाहीत, जुने मिळतात ते सेकंडहँड. मला एक एच११० चा कॉम्बो सेकंडहँड मिळत होता, माझाच प्रोसेसर त्यात बसला असता, ड्रॉवरमधली स्टिक पण कामाला आली असती, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि सहाव्या पिढीवर विंडोज ११ कंपनीच्या नियमात बसत नाही, लोक जुगाड करून टाकतात पण माझ्याकडे लोकांचे आधार, सातबारा, बँकेचे कागद येतात, जुगाडावर ते नको वाटतं. दुसरी म्हणजे सेकंडहँड बोर्ड कुठल्या हवेत राहिलेला आहे ते कोण सांगणार? आमच्यासारख्याच कुणा किनाऱ्यावरचा असला तर?

डीडीआर३ वाल्यांसाठी एक उपसूचना. एच६१ आणि एच८१ चे नवे कोरे बोर्ड फारशा नाव नसलेल्या कंपन्यांचे अजून स्वस्तात मिळतात, दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी, आणि त्यांना १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ हक्काने चालते. सहाव्या पिढीला मात्र इंटेलने अधिकृतपणे फक्त १.३५ वाली डीडीआर३एल सांगितलेली आहे, बोर्डवाले १.५ वाली पण चालते म्हणून विकायचे, चालते पण, पण इंटेलचं म्हणणं की जास्त व्होल्टने प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर पुढेमागे खराब होऊ शकतो. नुसतं टायपिंग आणि प्रिंट काढायला चौथ्या पिढीचं मशीन असेल तर तिथे डीडीआर३ ला अजून जीव लावायला हरकत नाही. त्यापलीकडे डीडीआर३ साठी पैसे घालू नका.

म्हणजे माझं ठरलं की नवीन बोर्ड, नवीन प्रोसेसर, आणि रॅम ती ड्रॉवरमधली. आता नवीन घेताना कुठल्या सॉकेटला काय चालतं ते एकदा डोक्यात बसवा. एएमडीचा एएम४ फक्त डीडीआर४, एएम५ फक्त डीडीआर५, तिथे वादच नाही. इंटेलच्या दहाव्या-अकराव्या पिढीला फक्त डीडीआर४. इंटेलच्या नव्या कोअर अल्ट्रा २०० चा १८५१ सॉकेट, फक्त डीडीआर५. मधली जी बारावी, तेरावी, चौदावी पिढी आहे, १७०० सॉकेटची, त्यांचे प्रोसेसर दोन्ही घेतात, डीडीआर४ आणि डीडीआर५, आणि म्हणूनच सगळा गोंधळ इथेच होतो, माझ्या २०१९ च्या चुकीसारखाच. प्रोसेसर दोन्ही घेतो, बोर्ड एकच घेतो.

मी आय३-१२१०० ठरवला, चार कोअर आठ थ्रेड, डिस्प्ले आतच. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला स्वस्त मिळतो, १२१००एफ, पण त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही आणि तुम्ही महिनाभर रॅमला खोडरबर घासत बसाल. आणि बोर्ड एच६१० चा, डीडीआर४ वाला. गणपतीला आतेभाऊ मुंबईहून येणार होता, चतुर्थी २७ ऑगस्टला होती, त्याला सांगितलं की लॅमिंग्टन रोडवरून घेऊन ये, पैसे पाठवतो. फोनवर म्हटलं, "एच६१०, बाराव्या पिढीचा, साधा." तो म्हणाला, "हो दादा, कळलं, आणतो." लक्झरीत रात्रभर मांडीवर बोर्ड आणि पायाशी गणपतीचं सामान घेऊन पोरगा आला. आरती झाल्यावर दोघांनी मिळून खोका उघडला. मी स्टिक ठेवली. बसेना.

तीच खाच, तोच मी, सहा वर्षांनी.

बोर्ड डीडीआर५ चा होता. दुकानदाराची चूक नाही, आतेभावाची पण म्हटलं तर नाही, मी 'डीडीआर४' हा शब्दच फोनवर उच्चारला नव्हता. कंपन्या नावं कशी ठेवतात ते आता मला तोंडपाठ झालंय. असुसचा प्राइम बी७६०एम-ए डी४ (बी७६० हा पण १७०० सॉकेटचाच चिपसेट) हा डीडीआर४ वाला, आणि नुसता प्राइम बी७६०एम-ए म्हटलं की डीडीआर५. गिगाबाइटचा बी७६०एम डीएस३एच डीडीआर४ वेगळा, आणि शेपूट नसलेला बी७६०एम डीएस३एच वेगळा. एमएसआय पण नावाच्या शेवटी डीडीआर४ असं लिहितो. पण अ‍ॅसरॉककडे काही बोर्डांना उलटं आहे, साधं एच६१०एम-एचडीव्ही म्हणजे डीडीआर४, आणि डीडीआर५ वाल्याला मागे 'डी५' लावलंय. म्हणजे शेपूट नाही म्हणजे हेच, असा एक नियम सगळीकडे चालत नाही. खोक्यावरचा स्टिकर वाचा, नाहीतर बोर्डाच्या पूर्ण नावाने कंपनीच्या साइटवर मेमरीची ओळ वाचा, दुकानदाराच्या बिलावर नुसतं 'एच६१०' असेल तर त्याला पूर्ण नाव लिहायला लावा. आतेभाऊ विसर्जन करून परत गेला तेव्हा बोर्ड बदलून घेतला आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवला, थोडे पैसे वर गेले.

अजून काही अडचणी येतात त्या आधीच सांगतो, कारण एवढं करून पण डिस्प्ले नाही म्हणून हाय खाणारे असतील. जुना सीपीयू पंखा नव्या बोर्डाला बसत नाही, जुन्या सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटरवर होती आणि १७०० ची ७८ वर आहेत, तीन मिलिमीटरसाठी खटाटोप करू नका, प्रोसेसरच्या खोक्यात पंखा येतो तोच लावा. जुन्या एसएमपीएसला प्रोसेसरसाठी चार पिनांचा प्लग असेल आणि बोर्डावर आठचं भोक असेल तर आय३ ला चार पिनांवर पण भागतं, नीट बसेल त्या अर्ध्यात लावायचा. मोठा प्रोसेसर असेल तर मात्र एसएमपीएस बदला. एच६१० वर तेरावी किंवा चौदावी पिढी लावणार असाल तर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) नवीन आहे का ते दुकानातच विचारा, जुन्या बायोसवर ते मशीन काळं ठिक्कर राहतं आणि घरी आणल्यावर तुम्ही काही करू शकत नाही. डीडीआर५ लावली असेल तर पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटं, कधी जास्त पण, स्क्रीन काळी राहते, मशीन रॅमशी ओळख करून घेत असतं, त्या वेळात बटण दाबून बंद करू नका. माझा मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए केबलचा, म्हणून मी व्हीजीए पोर्ट असलेलाच बोर्ड सांगितला होता, सगळ्यांना तो नसतो.

आणि ज्याच्यावर माझे अख्खे दोन दिवस गेले ती गोष्ट. नवा बोर्ड, डिस्प्ले आला, रॅम ८ जीबी दिसतेय, आनंद झाला, जुनी हार्ड डिस्क लावली तर विंडोज चालूच होईना. बायोसमध्ये डिस्क दिसते, बूटच्या यादीत नाही. कारण माझी डिस्क २०१६ ला जुन्या एमबीआर पद्धतीने (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत) बनवलेली, आणि या नव्या इंटेल बोर्डांवर प्रोसेसरचाच डिस्प्ले वापरत असाल तर जुन्या पद्धतीने बूट होतच नाही, जीपीटी ही नवी पद्धत लागते. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, ते चालवलं की डेटा न घालवता डिस्क बदलते, पण मी आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घेतला, तुम्ही पण घ्या, नऊ वर्षांच्या पत्रिका आणि लोकांचे फोटो परत कोण देणार. डिस्क स्टुडिओवाल्याच्या मशीनला लावून विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ते टूल चालवलं. मग चालू झालं.

एक हळहळ राहिली ती सांगतो. माझ्या एच६१० ला दोनच स्लॉट, एक भरलेला, दुसरा रिकामा. सप्टेंबरात दुसरी ८ ची डीडीआर४ घ्यायचं मनात होतं, म्हटलं दिवाळीनंतर बघू, दुकानाच्या पत्र्याचं काम आधी. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की बघता बघता दुप्पट आणि वर. डेटा सेंटरवाले एआयसाठी सगळी मेमरी उचलतायत, कारखाने पण तिकडेच माल वळवतायत, डिसेंबरात तर मायक्रॉन कंपनीने आपला रॅमचा क्रुशियल ब्रँड घरगुती गिऱ्हाइकांसाठी बंद करतोय म्हणून जाहीर केलं. त्यामुळे आता जे बोर्ड घेतायत त्यांना माझं म्हणणं असं की आधी घरात, ड्रॉवरमध्ये, भंगारात कुठली रॅम पडलीय ते बघा आणि तिच्या जातीचा बोर्ड घ्या. 'पुढे जाऊन अपग्रेड होईल' म्हणून डीडीआर५ चा बोर्ड घ्यायचा आणि मग रॅमला बोर्डापेक्षा जास्त पैसे मोजायचे, यात मला तरी बजेट दिसत नाही. हातात कुठलीच रॅम नसेल, सगळं नवीनच घ्यायचं असेल, तर दोन्हीचे भाव त्या दिवशी विचारा आणि बोर्ड अधिक रॅम अशी बेरीज करून ठरवा, नुसत्या बोर्डाची किंमत बघून नाही. डीडीआर४ ची सेकंडहँड स्टिक चालेल, वेगळ्या स्पीडची असली तरी दोन्ही मिळून कमी स्पीडवर चालतात, फक्त दुकानात चालवून बघा आणि पट्ट्यांवर हिरवं-काळं काही नाही ना ते उजेडात धरून बघा.

जुन्या डीडीआर३ च्या दोन स्टिक स्टुडिओवाल्याला दिल्या, त्याच्या मशीनची रॅम वाढली आणि मला एक वर्ष पासपोर्ट फोटो फुकट.

यंदाचा पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले. सिलिका जेलच्या पुड्या कॅबिनेटजवळ ठेवल्यात, मशीन फळीवर चढवलंय, रोज चालू असतं. परवा सकाळी बटण दाबलं आणि 'नो सिग्नल'. पोटात गोळा आला, खोडरबर हातात घेतला, कॅबिनेटचे स्क्रू काढले, रॅम काढली, पुसली, लावली, नाही. सेल काढला, लावला, नाही. तेवढ्यात काकी आल्या, मॉनिटरच्या मागे बघून म्हणाल्या, "रे, ही वायर लोंबकळता ती खंयची?"

व्हीजीएची होती.